पाहुणा म्हणून नाही

मी यंत्रघरात शिरले ती कागद वाचवायला.

मोठ्या पावसाचा शेवटचा आठवडा होता. पाऊसही दमला होता बहुधा... दहा मिनिटं जोरात यायचा, मग अर्धा तास नुसता ठिबकत राहायचा. माझ्या काखेत रिसॉर्टच्या माहितीपुस्तिकेचा सातवा मसुदा होता, आणि तो भिजला असता तर आठवा मला त्याच दिवशी लिहावा लागला असता. खारं पाणी गोडं करणारं यंत्र ज्या खोलीत चालतं, ती खोली सगळ्यात जवळ होती. मी आत घुसले.

आत एक माणूस प्लास्टिकच्या क्रेटवर बसला होता. डोकं पाइपला टेकलेलं, डोळे मिटलेले. मी पाय न वाजवता दाराशीच उभी राहिले.

"झोपलेलो नाही, ताई," डोळे न उघडताच तो म्हणाला. "पंप ऐकतोय. आत या, दारात भिजाल."

आत आले, कागद झटकले. सगळ्यात वर अकरावं पान होतं – 'पाणी'. त्यावर नुसता मथळा होता, कारण रिसॉर्टमध्ये मला कुणी सरळ उत्तरच देत नव्हतं. मी विचारलं, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का? त्यानं उठून पेला भरला, खिशातून क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर काढून त्यात बुडवलं आणि म्हणाला, "एकशे ऐंशी."

"एकशे ऐंशी काय? लिटरला मिलिग्रॅम?"

तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते, रात्रपाळीचे. पण त्यांच्या तळाशी काहीतरी हललं.

"तीन वर्षांत हा आकडा शंभरेक जणांना सांगितला असेन," तो म्हणाला. "एकक विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

हे कौतुक होतं की थट्टा, कळेना. मी पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं... तेवढंच सुचलं.

त्याचं नाव इद्रिसा. गाव उजीजी, मुख्य भूमीच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या गोड्या तळ्याच्या काठी. गोड्या पाण्याशेजारी वाढलेला माणूस आमच्या बेटावर मीठ गाळायला आला होता, आणि हे तो अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा.

पुस्तिकेचे दोन भाग होते. पुढचा भाग पाहुण्यांसाठी: किनारा, ओहोटी, प्रवाळाची भिंत, गावातून जाताना अंगभर कपडे. मागचा भाग रहिवाशांसाठी: दवाखाना, बाजाराचा वार, पाण्याच्या वेळा. मी त्याला विचारलं, मग पाण्याचं काय लिहू?

"पाहुण्यांसाठी लिहा, पिऊ नये. त्यांचं पोट बिघडलं की सगळं माझ्यावर येतं. रहिवाशांसाठी लिहा, खुशाल प्या."

"आणि तुम्ही कुठल्या भागात?"

बाहेर पाऊस थांबला होता, पत्र्यावरून शेवटचे थेंब पडत होते.

"पाणी तर पितो," तो म्हणाला. "पण गावात अजून मला पाहुणाच म्हणतात."

त्यानंतर माझ्या पुस्तिकेत अचानक बऱ्याच शंका निघू लागल्या. वीज जाते तेव्हा नक्की किती वेळ जाते? विहिरी कुठल्या महिन्यात खाऱ्या होतात? प्रत्येक शंका घेऊन मी यंत्रघरात जायची. तो गवती चहा करायचा, आम्ही उलट्या ठेवलेल्या होडीवर बसून तो प्यायचो. प्रेमात पडताना माणसं हसतात, गातात म्हणे. आम्ही दोघं जांभया द्यायचो. पंप त्याला झोपू देत नव्हता, रिसॉर्टचे साहेब मला. त्यांना प्रत्येक पानावर 'स्वर्ग' हवा होता. मी एकदा विचारलं होतं की स्वर्गात ओहोटी असते का, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मसुदा परत दिला.

जांभयांचं एक बरं असतं. समोरच्यालाही येते.

एकदा ओहोटीच्या पानावरून आमचं वाजलं. समुद्र मागे सरतो तेव्हा पाण्याच्या कडेपर्यंत चालत किती अंतर आहे, ते मी पावलांनी मोजलं होतं. तेराशे दहा. त्यानंही कधीतरी मोजलं होतं. अकराशे चाळीस.

"माझे पाय लांब आहेत," तो म्हणाला.

मी टेप आणली. त्याचं पाऊल ब्याऐंशी सेंटिमीटर, माझं अडुसष्ट. होडीच्या बुडावर खडूनं गुणाकार केला. त्याचे नऊशे पस्तीस मीटर झाले, माझे आठशे एक्याण्णव.

"चव्वेचाळीस मीटर उरले," मी म्हणाले.

"मग ते शोधायला हवेत," तो म्हणाला. आवाजात हसू नव्हतं. फक्त कानाची पाळी किंचित लाल.

अमावस्येनंतरच्या सकाळी आम्ही निघालो. समुद्र पार दूर गेला होता. ओल्या वाळूवर आभाळ पडलं होतं आणि त्यात गावातल्या बायका गुडघ्यांत वाकून दोऱ्यांना लागवडीचं समुद्रशेवाळ बांधत होत्या. त्यात माझी आईही होती. आम्ही शेजारी शेजारी चालत होतो, ओठांत आकडे मोजत. चारशे बारा, चारशे तेरा... दक्षिणेचा वारा नुकताच सुरू झाला होता, त्यानं माझी ओढणी उडून त्याच्या दंडाला गुंडाळली गेली. त्यानं ती सोडवली नाही. मीही नाही.

"झुवेना," तो म्हणाला.

मी आणखी दोन पावलं चालले आणि थांबले.

"आज 'ताई' कुठं गेली?"

"मागे राहिली," तो म्हणाला. "चारशे तेरावर."

पुढचं कुणीच मोजलं नाही. पुस्तिकेत मी लिहिलं – 'सुमारे नऊशे मीटर'. आयुष्यात पहिल्यांदा मी 'सुमारे' लिहिलं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

संध्याकाळी आई पाठीला तेल लावून घेत होती. पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "दोघांनी मिळून समुद्र मोजायला काढलाय वाटतं. संपला का?"

मी तेल चोळत राहिले.

"मुलगा वाईट नाही," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "पण पाहुणा आहे, झुवेना. पाहुणा जातो."

माझे वडील मुख्य भूमीवरच्या टांगा शहरातून पहिल्या हॉटेलचं छप्पर घालायला आले होते. आमच्याकडे जुलैत येणाऱ्या नव्या वर्षाच्या सणाला प्रत्येक घरात पाहुणा लागतो. ज्या घरात त्या दिवशी पाहुणा जेवत नाही, त्या घराचं वर्ष कोरडं जातं असं माकुंदुची नावाचा आमचा सगळा गाव मानतो. वडील तसे आले, पाहुणा म्हणून. जेवले, राहिले. अकरा वर्षं राहिले. मग मुख्य भूमीवर कामाला गेले ते गेलेच. आई त्यांना कधी शिव्या देत नाही. ती फक्त म्हणते, पाहुणा होता.

जुलै आला तशा खोल्या भरल्या. आता बसायलाही वेळ नव्हता. नऊ नंबरच्या खोलीत डेन्मार्कच्या एक बाई उतरल्या होत्या, इंगर नावाच्या, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. खोली दोघांची घेतली होती. दुसरा का आला नाही ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. रोज सकाळी त्या काउंटरवर यायच्या, रिकाम्या किनाऱ्याकडे बोट दाखवायच्या आणि विचारायच्या, "समुद्र कधी परत येणार?" मी भरतीची वेळ सांगायची. त्या मान डोलवायच्या आणि तिथंच खुर्ची ओढून त्याची वाट पाहत बसायच्या. इद्रिसा जाता-येता त्यांना पाण्याचा पेला देऊन जायचा. पाहुण्यांनी पिऊ नये असं लिहिलं होतं, तरी त्या प्यायच्या. त्यांना काही झालं नाही.

याच दिवसांत इद्रिसाला गावाहून पत्र आलं.

त्यानं ते मला होडीवर बसून दाखवलं. उजीजीला पाण्याची नवी योजना, देखरेखीला माणूस हवा. घर आपलं, भाऊ शेजारी. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं.

"गोडं पाणी," तो म्हणाला. "मीठ काढायला नको. रात्री झोपता येईल."

मला म्हणायचं होतं – जाऊ नकोस. हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते, शपथ. पण त्या दिवशी मी सकाळी पाचपासून उभी होते, साहेबांनी नववा मसुदा परत केला होता, आणि मला आईची पालथी पडलेली पाठ दिसत होती. राहा म्हणून कुणी राहतं का? राहिलेली माणसंसुद्धा जातात.

"छान आहे," मी म्हणाले.

त्यानं पत्राची घडी घातली. आधी होती तशीच, त्याच रेषांवर.

सणाला चार दिवस होते तेव्हा आईचा नेहमीचा पाहुणा, शहरातले ओथमान शिंपी, गुडघ्यामुळे येणार नाहीत असा निरोप आला. आईनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाली, "तुझ्या त्या पाणीवाल्याला बोलाव. जायच्या आधी एकदा जेवून जाऊ दे."

ती हे कसं म्हणाली ते मला अजून आठवतं. जसं काही तो निघालेलाच आहे, आणि आपण फक्त त्याचं ताट वाढायचं आहे.

मी गेले. तो गाळणी धूत होता. मी म्हटलं, आईनं तुला सणाला पाहुणा म्हणून बोलावलंय. त्यानं नळ बंद केला.

"नाही," तो म्हणाला. "पाहुणा म्हणून नाही यायचं मला."

"बरं," मी म्हणाले, आणि परत आले.

मी विज्ञान शिकले आहे. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मला कुणी शिकवायला नको. पण मी काढला. त्याला जायचंय, जाता जाता आमच्या घरचं मीठ खायचं नाही, म्हणजे मागे काही उरायला नको. सरळ हिशेब होता. आईला सांगितलं, त्याला जमत नाही. आईनं 'का' विचारलं नाही. आमच्या घरात हा प्रश्न फार वर्षांपूर्वी बंद झाला आहे.

सणाच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. मैदानात गावाच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे पुरुष केळीची खोडं घेऊन उभे राहिले आणि वर्षभराचं जे काही साचलं होतं ते एकमेकांच्या पाठीवर काढू लागले. खोड ओलं असतं. लागतं, पण मोडत काही नाही. बायका नवे कपडे नेसून कडेनं फेर धरून गात होत्या, आणि गाण्यात जिला चिमटा काढायचा तिला काढत होत्या. मला बघून आमच्या गल्लीतल्या तिघींनी लगेच जोडलं: कुणीतरी समुद्र मोजायला गेली आणि मोजमाप विसरून आली. सगळ्या हसल्या. मीही हसले, हसावं लागतं. मग गवताची झोपडी पेटवली, येत्या वर्षाचा कौल म्हणून धूर कुठं वळतो ते सगळ्यांनी पाहिलं, आणि मी घरी आले, कारण स्वयंपाक उरकायचा होता.

पुलाव झाला होता. नारळाच्या रसातला ऑक्टोपस व्हायचा होता. आई दर पाच मिनिटांनी अंगणाच्या तोंडाशी जाऊन रस्ता बघत होती. एव्हाना गावातला प्रत्येक फिरस्ता, प्रत्येक परदेशी, प्रत्येक टॅक्सीवाला कुणी ना कुणी ओढून नेला होता.

शेजारीण बी टाटू हिनं कुंपणावरून डोकं काढलं. "अजून कुणी नाही तुमच्याकडे? माझ्याकडे तीन आहेत. एक उसना देऊ?"

"पाहुणा उसना घेत नाहीत," आई म्हणाली.

"बघ हो. नंतर वर्ष कोरडं गेलं तर मला सांगू नकोस."

"आधीची कुठं ओली गेलीत," आई म्हणाली, आणि आत येऊन उंबऱ्यावर बसली. तिचे हात मांडीवर नुसते पडले होते. शेवाळाच्या दोऱ्यांनी बोटांची टोकं फाटली होती. मला वाटलं, या एका दिवसापुरतं तरी कुणीतरी यावं... माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

तेवढ्यात कुंपणाशी कुणीतरी खाकरलं.

इद्रिसा होता. कपाळावर टेंगूळ, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे ओले पट्टे. आणि त्याच्या हाताला धरून, ऊन लागू नये म्हणून डोक्यावर हॉटेलचा टॉवेल घेतलेल्या, इंगरबाई.

"आई," तो माझ्या आईला म्हणाला, "हा तुमचा पाहुणा."

आई उठली. इंगरबाईंनी दोन्ही हात छातीशी नेऊन मान लववली, बहुधा काउंटरवरच्या माझ्या मसुद्यात वाचून. आईला त्यांचा एक शब्द कळणार नव्हता, त्यांना आईचा. पण आईनं त्यांचा हात धरला, चटईवर बसवलं, पाठीला उशी दिली, आणि त्या दोघी एकमेकींकडे पाहून अशा काही सुस्कारल्या की जणू एकाच शेतातून वाकून वाकून आल्या आहेत.

मग आईनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही पण बसा."

"मी नाही बसणार," तो म्हणाला. "घराला आज पाहुणा लागतो, तो आणलाय. मला काम सांगा."

मला पुलावाचं झाकण वाजलेलं ऐकू आलं. मीच ते धरलं होतं.

आई त्याच्याकडे पाहत राहिली. कपाळाकडे, मग सदऱ्याकडे. पाहुणे मैदानाच्या कडेला उभं राहून बघतात. अंगावर चीक उडतो तो आत उतरणाऱ्यांच्या.

"कुणाच्या बाजूनं खेळलात?" तिनं विचारलं.

"दक्षिणेच्या. झुवेनाच्या मामांनी खोड हातात दिलं. पहिला फटका त्यांच्याकडूनच बसला, चुकून."

"चुकून नसेल," आई म्हणाली.

तिनं आणखी काही विचारलं नाही. कोपऱ्यातली खवणी पायानं पुढे सरकवली. आमच्याकडे पाहुण्याला कधी खवणीवर बसवत नाहीत. त्यानं पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलायचा नसतो.

"नारळ खवता येतो?"

"नाही. आमच्याकडे नारळ फारसे नाहीत."

आईनं फोडलेल्या नारळाची एक वाटी त्याच्या हातात ठेवली.

"शिकशील," ती म्हणाली, आणि चुलीकडे गेली.

तो खवणीवर बसला. गुडघे छातीपर्यंत आले. मी परात त्याच्यापुढे धरायला बसले, कारण कुणीतरी धरायलाच हवी होती. वाटी हातातून दोनदा निसटली.

"पत्र?" मी परातीकडे बघत विचारलं.

"पाठवलं. नाही म्हणून."

"कधी?"

"तू बोलवायला आलीस त्याच दिवशी, संध्याकाळी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." तो खवत होता, म्हणजे खवायचा प्रयत्न करत होता. "पाण्याचं एकक विचारणारी मुलगी. मी 'नाही' म्हटल्यावर 'का नाही' एवढंसुद्धा न विचारता निघून गेली. चार दिवस झोपलो नाही. पंपामुळे नाही."

मला रडू यायला हवं होतं बहुधा. पण मी इतकी थकले होते की फक्त खांदा त्याच्या खांद्याला टेकवला, आणि तो तिथंच राहू दिला. ओला सदरा माझ्या बाहीला चिकटला. केळीच्या चिकाचा डाग कशानंच निघत नाही, मला ठाऊक आहे, त्यातल्या टॅनिनमुळे. मी बाजूला झाले नाही.

"झोप कुठं मिळणार आता तुला," मी म्हणाले. "इथलं पाणी खारंच राहणार."

"एकशे ऐंशी," तो म्हणाला.

"एकशे ऐंशी काय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याचा हात खवणीवर तसाच चालत राहिला. परातीतल्या पांढऱ्यावर करवंटीचे तपकिरी कण पडू लागले.

"अरे, काळं येतंय!" आई चुलीपासून ओरडली. "लक्ष कुठं आहे तुझं?"

चटईवर इंगरबाई दचकल्या. आईनं लगेच हसून त्यांना उशी सारखी करून दिली. पाहुण्यांवर आमच्याकडे कुणी ओरडत नाही.

इद्रिसानं मान खाली घातली आणि वाटी फिरवून धरली. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती, आणि त्याला हसू आवरत नव्हतं.